देव गावाला गेलेलं राऊळ
हंपीचं विठ्ठलमंदिर आणि भानुदास महाराजांची कथा

॥ रामकृष्णहरी ॥

पंढरीच्या राऊळात विठुरायाच्या पायांवर डोकं ठेवून आपण मागं वळतो, तेव्हा गर्दीच्या रेट्यात एका संताचा नमस्कार बहुतेकांचा राहून जातो. भानुदास महाराजांची समाधी देवाच्या राऊळातच आहे. पैठणचे भानुदास म्हणजे नाथबाबांचे पणजोबा. कानडी मुलखात गेलेला पांडुरंग ज्यांनी पंढरीला परत आणला, असं आपण मानतो, ते हेच.

ही कथा आमच्या दिंडीत कैक वर्षं सांगितली जाते. मुक्कामाच्या गावी रात्री कीर्तन उभं राहिलं आणि बुवांनी भानुदासांचं आख्यान लावलं, की थकलेली माणसंसुद्धा आडवी होत नाहीत. पण देव जिथं गेला होता ती जागा आमच्यातल्या फार थोड्यांनी पाहिलेली. त्यात अलीकडं दिंडीतली शिकलेली पोरं विचारू लागली, "माऊली, हे खरंच घडलं का? याला पुरावा काय?" प्रश्न रास्त आहे आणि त्याला दटावून गप्प करणं बरं नव्हे. म्हणून शताब्दीच्या वर्षी कार्तिकी वारी झाल्यावर आम्ही चाळीसएक जण हंपीला जाऊन आलो. तिथं जे पाहिलं, जे कानांवर आलं आणि परतल्यावर जे जाणत्यांकडून पडताळून घेतलं, ते या ग्रंथात नोंदवून ठेवतो.

विजयनगरची वाट

सोलापुराहून विजापूर, पुढं कृष्णेचा पूल, मग इलकल, कुष्टगी, आणि तुंगभद्रेच्या धरणाजवळून होसपेट. इलकल आलं तशा आमच्या आयाबाया खिडकीला लागल्या. अंगावरचं इरकल ज्या गावावरून नाव घेऊन आलं, ते गाव त्यांनी जन्मात पहिल्यांदा पाहिलं. तिथून पुढं बोली पूर्ण बदलते, तरी ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि कपाळावरचा बुक्का कुणाला परका वाटला नाही. चहाच्या टपरीवर टाळ पाहून एक म्हातारा हात जोडून एवढंच म्हणाला, "पांडुरंगा." भाषेची अडचण तिथंच मिटली.

पंढरपूरपासून हंपी आजच्या रस्त्यानं तीनशे किलोमीटरच्या वर आहे. आळंदीहून पंढरीला आपण चालतो त्यापेक्षा ही वाट लांब. भानुदास ती पायी गेले, एकटे, परक्या राज्यात. एवढं मनात धरलं म्हणजे कथेचं वजन कळायला लागतं.

हंपी म्हणजे विजयनगरची राजधानी. तुंगभद्रेच्या काठी गोल गुळगुळीत धोंड्यांचे डोंगर आणि त्यांच्या बेचक्यांत मैलोन् मैल पसरलेली देवळं, मंडप, बाजारपेठा. नदीपलीकडं आनेगुंदी. तिथल्या लोकांची श्रद्धा अशी की हीच रामायणातली किष्किंधा आणि अंजनाद्री हे मारुतीरायाचं जन्मस्थान. विरूपाक्षाच्या देवळात आजही नित्य पूजा चालते. आम्ही आधी तिथं दर्शन घेतलं आणि नदीकाठच्या पायवाटेनं टाळ वाजवत विठ्ठलाच्या देवळाकडं निघालो. वाहनानं जायची सोय दुसऱ्या बाजूनं आहे. पण वारकऱ्याला दोन किलोमीटर म्हणजे काय? वाटेत कोदंडरामाचं देऊळ लागतं, सुग्रीवाची म्हणून दाखवतात ती गुहा लागते, आणि पुढं दोन उंच दगडी खांबांवर आडवी तुळई टाकलेली राजाची तुला लागते. तिच्यात बसून राजा सोन्यारुप्यानं स्वतःला तोलायचा आणि ते दान करायचा, असं सांगतात.

देऊळ कसं आहे

भव्य हा शब्द आपण उठसूट वापरतो. इथं तो कमी पडतो. पूर्व, उत्तर आणि दक्षिण अशी तीन गोपुरं. पूर्वेच्या गोपुरासमोर लांबच लांब बाजारपेठ, तिचे दगडी खांब अजून रांगेत उभे. आत शिरलं की समोर दगडी रथ. नवीन पन्नासाच्या नोटेवर जो छापलाय, तोच. पुष्कळांना वाटतं तो एका शिळेतून कोरलाय. पण तो अनेक दगड जोडून केलेला आहे, फक्त सांधे असे बसवलेत की जवळ गेल्याशिवाय कळत नाहीत. खरं तर हे गरुडाचं देऊळ. देवासमोर त्याचं वाहन हात जोडून असावं म्हणून रथाच्या आकारात बांधलेलं. रथाजवळ चाफ्याचं जुनं झाड आहे.

रथापुढं महामंडप. त्याचे खांब म्हणजे एकेका धोंड्यातून काढलेल्या बारीक बारीक खांबांचे जुडगे. बोटानं टिचकी मारली की त्यातून सूर निघतात, म्हणून त्यांना संगीताचे खांब म्हणतात. आता तिथं हात लावू देत नाहीत, आणि ते योग्यच आहे; शेकडो वर्षांच्या दगडाला हजारो माणसांच्या टिचक्या सोसवत नाहीत. आमचा मृदंगमणी मात्र दोरीच्या अलीकडं उभा राहून बराच वेळ त्या खांबांकडं बघत होता.

मग गाभारा. त्याच्याभोवती खाली उतरून जाणारी अंधारी प्रदक्षिणेची वाट आहे. ती चालून आम्ही दाराशी आलो. आत देव नाही. समई नाही, फूल नाही, उदबत्तीचा वास नाही. देऊळ पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात असून तिथं पूजा होत नाही. हे आम्हाला आधीपासून माहीत होतं. तरी माहीत असणं वेगळं आणि रिकामा गाभारा बघणं वेगळं. चाळीस माणसं, पण कुणाच्या तोंडून शब्द निघेना. विणेकऱ्यानं वीणा गळ्यातून काढली नाही. शेवटी आमच्यातली एक वयस्क माळकरी बाई उंबऱ्याला हात लावून म्हणाली, "देव गावाला गेलाय."

घरातला कर्ता माणूस बाहेर असला की आपण हेच म्हणतो. नाही असं म्हणत नाही.

कथा

आता ती कथा, जशी आपल्याकडं सांगतात तशी.

भानुदास पैठणचे. लहानपणी वडील रागावले म्हणून घरातून निघून गेले आणि एका पडक्या देवळात सूर्याची उपासना करत राहिले. पुढं कापडाचा व्यापार करू लागले. गिऱ्हाइकाला खरेदी किती, नफा किती, हे सरळ सांगायचे, त्यामुळं गिऱ्हाईक त्यांच्याकडंच वळायचं. बाकीचे व्यापारी जळफळले. एकदा बाजाराच्या गावी भानुदास रात्री कीर्तनाला गेले, तेव्हा त्यांनी त्यांचा माल फेकून दिला आणि घोडं सोडून दिलं. त्याच रात्री त्या व्यापाऱ्यांवर दरोडा पडला. भानुदासांचं घोडं मात्र देवानं सांभाळून ठेवलं. त्या दिवसापासून त्यांनी धंदा सोडला आणि पंढरी धरली.

पुढं विजयनगरचा राजा कृष्णदेवराय पंढरीला आला. देवाचं रूप बघून त्याला मोह पडला. कुणी सांगतात, स्वारी-शिकारीच्या भयानं देव सुरक्षित राहावा म्हणून त्यानं मूर्ती नेली. कुणी सांगतात, आपल्या राजधानीत देव असावा या हौसेनं नेली. आषाढी आली, दिंड्या आल्या, आणि बघतात तर राऊळ रिकामं. वारकऱ्यांनी वाळवंटात हंबरडा फोडला. तेव्हा भानुदास उठले आणि म्हणाले, मी जाऊन देव घेऊन येतो.

ते विजयनगरला पोचले. मध्यरात्री देवळाची कुलुपं आपोआप गळून पडली. देवभक्तांची भेट झाली. देवानं आपल्या गळ्यातला नवरत्नांचा हार भानुदासांच्या गळ्यात घातला. सकाळी पुजाऱ्यांनी पाहिलं तर हार नाही. शिपाई सुटले आणि नदीवर स्नान करत असलेल्या भानुदासांच्या गळ्यात तो सापडला. राजानं चोर म्हणून सुळावर देण्याचा हुकूम केला. भानुदासांनी सुळासमोर उभं राहून नाम घेतलं, आणि त्या वाळक्या लाकडाला पालवी फुटली. राजा धावत आला, पायांवर पडला. देव म्हणाला, आता मी इथं राहत नाही. मग तो एवढा लहान झाला की भानुदासांच्या पडशीत मावला, आणि पंढरी जवळ आल्यावर पुन्हा होता तेवढा झाला.

शिलालेख काय सांगतात

कथा अशी. आता पोरांच्या प्रश्नाकडं येऊ.

पहिली गोष्ट, कानडी राजांचं आणि पंढरीचं नातं कथेपुरतं नाही. पंढरपूरच्या देवळातल्या एका तुळईवर होयसळ राजा सोमेश्वराच्या काळातला शिलालेख आहे, शके ११५९ म्हणजे इसवी सन १२३७ चा. भीमेकाठच्या या गावाचा आणि पुंडलिकाचा त्यात उल्लेख आहे. म्हणजे ज्ञानोबारायांच्या जन्माआधीपासून कानडी राजे पंढरीच्या देवाला दान देत होते. ज्ञानोबारायांनी विठ्ठलाला कानडा म्हटलं, ते उगीच नाही.

दुसरी गोष्ट, कृष्णदेवराय हा नुसता लढवय्या राजा नव्हता. १५०९ ते १५२९ अशी वीस वर्षं त्यानं राज्य केलं. तिरुपतीच्या व्यंकटेशाचा तो मोठा भक्त. तेलुगू भाषेत 'आमुक्तमाल्यदा' हे विष्णुभक्तीचं काव्य त्यानं स्वतः रचलं. अशा राजाला विठ्ठलाची ओढ वाटली असेल तर नवल नाही. आपल्या कथेतही तो शेवटी पायांवर पडतो, हे विसरू नये.

तिसरी गोष्ट मात्र अवघड आहे, आणि ती झाकून ठेवणं आम्हाला पटत नाही. हंपीचं देऊळ कृष्णदेवरायाच्या आधीचं आहे. दुसऱ्या देवरायाच्या काळात, म्हणजे पंधराव्या शतकात, ते उभं राहिलं असं इतिहासकार मानतात. कृष्णदेवरायानं ते वाढवलं. १५१३ साली त्याच्या राण्यांनी, चिन्नादेवी आणि तिरुमलादेवी यांनी, गोपुरं बांधली. १५१६ साली शंभर खांबांचा मंडप झाला. पुढं सदाशिवरायाच्या राज्यात, १५५४ साली, देवाच्या झोपाळ्याच्या उत्सवासाठी आणखी मंडप झाला. भानुदासांचा काळ परंपरेनं १४४८ ते १५१३ असा धरतात. मग १५५४ साली त्या झोपाळ्यात कोण बसत होतं? देव आधीच पंढरीला परत गेला असेल, तर हंपीला इतकी वर्षं उत्सव कुणाचा चालला?

याला उत्तरं निघतात. हंपीच्या देवळाची स्वतःची मूर्ती आधीपासून असेल आणि पंढरीहून नेलेली निराळी असेल. उत्सवमूर्तीची गोष्ट मुख्य मूर्तीच्या नावावर गेली असेल. पण ही उत्तरं अंदाजाची आहेत. आज आपण जी कथा विस्तारानं सांगतो ती महिपतीबुवांच्या 'भक्तविजया'मुळं घरोघर गेली, आणि तो ग्रंथ १७६२ चा, म्हणजे घटनेनंतर अडीचशे वर्षांनी झालेला. नाथबाबांनी मात्र 'एकनाथी भागवता'त आपल्या कुळाचं स्मरण करताना भानुदासांना वंदन केलंय. म्हणजे पणतूच्या काळातच त्या घराण्याची विठ्ठलभक्ती ही अभिमानाची गोष्ट होती, एवढं खात्रीनं म्हणता येतं.

म्हणून आमच्या दिंडीतल्या कीर्तनकारांना आमची विनंती आहे. आख्यान अवश्य लावा, पालवी फुटेपर्यंत रंगवा. पण "इतिहासात सिद्ध झालंय" असं म्हणू नका. शिलालेखाचं शिलालेखानं सांगावं आणि संतकथेचं संतकथेनं. दोन्ही सांगितलं म्हणून श्रद्धा उणी होत नाही. पोरांना अर्धवट सांगितलं तर मात्र ती पुढं काहीच ऐकत नाहीत.

पलीकडच्या काठावरची गोष्ट

हंपीत आम्हाला एक गोष्ट अशी मिळाली की जी आपल्याकडं फारशी कुणी सांगत नाही. तिथली माणसं रिकाम्या गाभाऱ्याचं कारण आपल्यापेक्षा वेगळं देतात. आमच्यासोबतचा वाटाड्या हिंदी-कानडी मिसळून सांगू लागला, राजानं देवासाठी एवढं मोठं देऊळ बांधलं. देव आला. त्यानं गोपुरं पाहिली, रथ पाहिला, खांब वाजवून पाहिले. मग म्हणाला, हे फार थोर आहे, मला इथं राहवणार नाही. आणि पंढरपूरच्या आपल्या साध्या घरी परत गेला.

बघा माऊली. आपल्या कथेत भक्त देवाला घेऊन येतो. त्यांच्या कथेत देव स्वतःच्या पायांनी परत जातो. आपल्या कथेत राजाची चूक आहे, त्यांच्या कथेत देवळाच्या मोठेपणाची. भाषा दोन, मुलूख दोन, तरी दोन्हीकडच्या माणसांनी रिकाम्या गाभाऱ्याचा अर्थ एकच लावला: हा देव राजवाड्यात रमणारा नाही.

आणि कानडी मुलखातून तो पुरता गेला असंही नाही. नदीकडं उतरल्यावर तुंगभद्रेच्या अगदी कडेला पुरंदरदासांचा मंडप आहे. पाऊसकाळात नदी चढली की तो पाण्याखाली जातो. पुरंदरदास सोळाव्या शतकातले. सावकारी आणि जडजवाहिराचा मोठा धंदा. तो सोडून त्यांनी तंबोरा घेतला आणि दारोदार हरिनाम गायले. आज कर्नाटक संगीताचा पाया घालणारे म्हणून दक्षिणेत त्यांना मान आहे. त्यांच्या प्रत्येक पदाच्या शेवटी नाममुद्रा येते, 'पुरंदर विठ्ठल'. त्यांच्या मागून आलेल्या हरिदासांच्या मुद्राही तशाच, विजय विठ्ठल, गोपाळ विठ्ठल, जगन्नाथ विठ्ठल. इकडं कापडाचा व्यापारी भानुदास, तिकडं सावकार पुरंदरदास. दोघांनी दुकान बंद करून एकाच देवाचं नाव धरलं. गाभाऱ्यात मूर्ती नाही, पण कानडी माणसाच्या तोंडी विठ्ठल आहे. त्या मंडपात आम्ही हरिपाठ म्हटला. पलीकडून दोन बायका आल्या, शेवटपर्यंत बसल्या, आणि त्यांच्या भाषेत एक पद म्हणून गेल्या. शब्द कळले नाहीत. शेवटचा 'विठ्ठल' कळला.

वारी का टिकली

१५६५ च्या जानेवारीत तालिकोटची लढाई झाली. दख्खनच्या सुलतानांच्या एकत्र फौजांपुढं विजयनगर हरलं. राजधानी लुटली गेली आणि ओस पडली. कृष्णदेवरायाच्या राण्यांनी गोपुरं बांधल्याला जेमतेम पन्नास वर्षं झाली होती. देवळाला गावं इनाम होती, बाजारपेठ होती, नाचगाण्याचे मंडप होते. राजा गेला आणि त्याच्या मागोमाग सगळं गेलं. भिंती राहिल्या.

पंढरीवर संकटं काही कमी आली नाहीत. तिथलाही देव स्वाऱ्यांच्या काळात हलवावा लागला, आसपासच्या गावांत लपवून ठेवावा लागला. २०२४ साली देवळाच्या जतनाचं काम चालू असताना एक तळघर सापडलं आणि त्यातून जुन्या मूर्ती, पादुका, नाणी बाहेर आली. हे कुणी, कोणत्या रात्री, कोणत्या भीतीनं तिथं ठेवलं असेल, या विचारानं अंगावर काटा येतो. एवढं होऊनही वारी मोडली नाही. कारण ती राजाच्या इनामावर उभी नव्हती. गावोगावच्या माणसांनी पेरणी उरकून भाकरी बांधून घ्यायची आणि निघायचं, एवढंच तिचं भांडवल. ते लुटून नेता येत नाही.

अलीकडंच त्याची परीक्षा झाली. २०२० आणि २०२१ साली महामारीमुळं पायी वारी थांबली, संतांच्या पादुका एसटीनं पंढरीला गेल्या आणि आपण घरी बसलो. तेव्हा वाटलं होतं, आता सवय मोडणार. २०२२ ला वाट पुन्हा उघडली आणि माणसं अशी निघाली की मुक्कामाला जागा पुरेना.

भानुदासांच्या घराण्याकडं आम्ही याच नजरेनं बघतो. त्यांनी पंढरीचा देव परत आणला, असं परंपरा सांगते. त्यांचे पणतू नाथबाबा यांनी १५८४ साली ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी केली, शिरलेले चुकीचे पाठ काढून ग्रंथ पुन्हा उजळ केला. एकाच घरानं संप्रदायाला देवही मिळवून दिला आणि ग्रंथही. दोघांनी नवीन काही उभारलं नाही. जे आपलं होतं ते हरवू दिलं नाही, एवढंच केलं.

आमच्या दिंडीची शंभर वर्षं याहून मोठी नाहीत आणि निराळीही नाहीत. पहिल्या पिढीतल्या ज्या माणसांनी गावातून पहिला झेंडा काढला, त्यांच्याजवळ ना ट्रक होता ना तंबू. त्यांनी आपल्यासाठी इमारत ठेवली नाही. वीणा ठेवली, आणि ती खाली न टेकवण्याचा नेम ठेवला. शताब्दीच्या निमित्तानं आता पुष्कळ जण विचारतात, काय बांधायचं? सभामंडप, कमान, धर्मशाळा? पावसात भिजणाऱ्या म्हाताऱ्यांसाठी छप्पर जरूर करावं, त्याला आमची ना नाही. फक्त ते करताना हंपीचा तो उंबरा आठवावा. दगड पाचशे वर्षं टिकले, पण तिथं कुणी नेमानं चालत जात नाही. देव घरी असावा असं वाटत असेल तर कुणीतरी दरवर्षी त्याच्याकडं निघालं पाहिजे.

पुढची शंभर वर्षं तेवढा नेम त्यानं आपल्याकडून करून घ्यावा, ही पांडुरंगाच्या आणि भानुदास महाराजांच्या चरणी प्रार्थना.

॥ रामकृष्णहरी ॥